उजव्या दिव्याचा खटक्या

खटक्या नावाचा एक यंत्रमानव होता. होता म्हणजे कागदावर. चौकोनी डोकं, पिठाच्या डब्यासारखं पोट, छातीवर डाव्या बाजूला लाल दिवा, आणि हात असे की नळाच्या पाइपांना कुणी हातमोजे चढवलेत. त्याचं स्वतःचं चित्रकथांचं मासिक अकरा अंक चाललं. बारावा का आला नाही हे विचारायला कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. तेव्हा छापखान्याच्या मालकांना युक्ती सुचली. त्यांचं दुसरं एक मासिक बरं चाललं होतं, निळ्या जॅकेटवाल्या नायकाचं. त्याच्या एका अंकात खटक्याला पाहुणा म्हणून न्यायचं ठरलं. बुडत्याला पोहणाऱ्याच्या गळ्यात बांधलं की दोघेही तरतात, असं मालकांचं गणित.

पाहुणा आला आणि चार पानं राहिला. नायक एका कारखान्यात लोखंडी तुळईखाली अडकलेला असतो. खटक्या भिंत फोडून येतो, तुळई उचलतो, "घाबरू नकोस मित्रा, मी आलो आहे!" असं म्हणतो आणि दुसरी भिंत फोडून निघून जातो. शेजारी दार असताना. नायक त्याचे आभारही मानत नाही. पुढच्या पानापासून त्याचं कुणी नावही घेत नाही.

आणि या चार पानांसाठी पस्तीस वर्षांनी, एका मंगळवारी सकाळी दहा वाजता, दातांचा एक डॉक्टर पांढरे रबरी हातमोजे घालून भिंगबाईंच्या दारात उभा राहिला.

भिंगबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. छापखान्यात एकतीस वर्षं त्या गळ्यात दोरीने भिंग अडकवून वावरल्या, म्हणून ते पडलं. एकोणिसाव्या वर्षी कामाला लागल्या. काम असं: एक मोठं काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट. त्या उजेडावर चित्रांच्या पारदर्शक फिल्म ठेवायच्या, पानाच्या मापात जुळवायच्या आणि चिकटपट्टीने पक्क्या करायच्या. मग त्यावरून छपाईची प्लेट निघे. अक्षरांची फिल्म वेगळी असे, कारण एकच अंक पाच भाषांत निघायचा. चित्रं तीच, फुग्यांतली बडबड बदलायची.

या कामात एकच धर्म पाळायचा असतो. फिल्मला दोन बाजू असतात, एक चकचकीत, एक मंद. मंद बाजू खाली. ती वर गेली की चित्र उलटं छापलं जातं, डावं उजवीकडे जातं. भिंगबाई प्रत्येक फिल्म कोपऱ्यात सुईने हलकेच खरवडून मंद बाजू कुठली ते बघत आणि मगच लावत. चिकटपट्टीसुद्धा कात्रीने तिरकी कापत, चारही कोपऱ्यांवर सारखी. चित्र काय आहे ते त्यांनी कधी पाहिलं नाही. एकतीस वर्षांत त्यांनी एक गोष्ट वाचली नाही. त्या कडा बघत. गोष्टी लिहिणारे बेअक्कल, काढणारे आळशी आणि वाचणारे रिकामटेकडे, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. चित्रकाराला तर त्या जमेतच धरत नसत. "बोटं काढता येत नाहीत म्हणून सगळ्यांना मोजे घालतो," असं त्या त्याच्या तोंडावर म्हणाल्या होत्या.

शेजारच्या टेबलावर त्यांची धाकटी जाऊ बसे. दोघी सख्ख्या भावांच्या बायका. थोरला प्लेट बनवायचा, धाकटा मशीन चालवायचा. सगळं घरच तिथे कामाला होतं म्हणा ना. या धाकटीचं काम बघून भिंगबाईंच्या कपाळावरची शीर तटतटत असे. ती चिकटपट्टी दातांनी तोडायची. सुईबिई काही नाही, फिल्म उजेडावर धरायची, चित्र बघायची, खुदकन हसायची आणि लावून मोकळी. "ताई, बघा ना, खटक्या कसा बिचारा एकटाच चाललाय!" भिंगबाई बघत नसत. डब्याला कसलं आलंय एकटेपण?

तो पाहुणा अंक निघाला तेव्हा निळ्या जॅकेटवाल्याच्या चित्रकाराने खटक्याला काढायला साफ नकार दिला. "मी माणसं काढतो, डबे नाही." त्याने चार पानांत सात जागा मोकळ्या सोडल्या. मग छापखान्यात खटक्याच्या जुन्या अंकांच्या फिल्मवरून त्याच्या सात आकृतींच्या नकला काढल्या आणि त्या कापून मोकळ्या जागी बसवल्या. पाहुणचार म्हणतात तो हा. दुसऱ्याच्या घरचं कापून आणायचं आणि आपल्या पानावर चिकटवायचं.

हे काम दोन्ही टेबलांवर वाटून झालं, दोन दिवसांत. तिसऱ्या दिवशी भिंगबाई बहिणीच्या बाळंतपणासाठी महिनाभर सुट्टीवर गेल्या. परत आल्या तर छापखाना डोक्यावर घेतलेला. अंक बाजारात गेला होता आणि सातही चित्रांत खटक्याचा दिवा उजवीकडे होता! मुखपृष्ठावर डावीकडे, आत उजवीकडे. पोरांची पत्रं पोत्याने आली. मालक लालबुंद होऊन दोघींच्या टेबलांमध्ये उभे राहिले.

"कुणी लावल्या या?"

"माझ्या हातून उलटी फिल्म लागत नाही," भिंगबाई म्हणाल्या. "आणि मी तर सुट्टीवर होते."

मालकांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीने डोकं खाजवलं. "माझ्याकडूनच झालं असेल. मला नीटसं आठवत नाही."

झालं. धाकटीची टेबलावरून उचलबांगडी झाली आणि तिला बाइंडिंगला धाडलं. तिथे तेवीस वर्षं ती उभ्याने कागदाच्या घड्या घालत राहिली. घडी अंगठ्याने दाबायची, दिवसाला हजारांनी. निवृत्त झाली तेव्हा उजव्या अंगठ्यात जीव उरला नव्हता, बरणीचं झाकणही उघडेना. घरात मात्र त्या चुकीचा अंगठा कधी बधिर झाला नाही. दूध उतू गेलं, छत्री विसरली, किल्ली उलटी घातली, की भिंगबाई म्हणत, "मंद बाजू खाली गं, धाकटे." आणि धाकटी म्हणे, "हो ताई."

आता दोघींचे नवरे गेलेले. तीन खोल्या, एक गॅलरी आणि दोघीजणी.

आणि हा दातवाला.

त्याने पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला तो अंक काढला, असा जपून की जणू आईची अस्थीच आहे. भिंगबाईंना वाटलं, याचं वय पंचेचाळीस तरी असेल, पोटही सुटलंय, आणि हा माणूस लोकांच्या तोंडात सुया घालतो.

"आमचा एक गट आहे," तो म्हणाला. "आम्ही याला 'उजव्या दिव्याचा' म्हणतो. यावर तीन मतं आहेत. पहिलं असं, की हा खरा खटक्या नाहीच, खलनायकाने पाठवलेला तोतया आहे."

"मग त्याने तुळई कशाला उचलली?"

"तोच तर प्रश्न आहे ना!" दातवाल्याचे डोळे चमकले. "दुसरं मत, तो आरशातल्या जगातून आलाय. आणि तिसरं माझं. एखाद्या यंत्राने मित्रासाठी आपलं काळीज जागचं हलवलं, असा त्याचा अर्थ."

भिंगबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. शिकलेला माणूस मूर्ख निघाला की त्याला औषध नसतं. "फिल्म उलटी लागली होती," त्या म्हणाल्या.

"ते कळलं आम्हाला. छापखान्यातल्या एका जुन्या मशीनवाल्याने सांगितलं. म्हणूनच आलोय. ज्या हातांनी ती लावली त्या हातांना भेटायचंय." एवढ्यात धाकटी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, आणि तो माणूस चक्क उभा राहिला. "आपणच ना त्या?"

धाकटीने आधी ताईंकडे पाहिलं. पस्तीस वर्षांची सवय. मग म्हणाली, "हो, मीच ती उलटी लावणारी."

येत्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात त्यांच्या गटाचा मेळावा होता. धाकटीने व्यासपीठावर बसावं, दोन शब्द बोलावेत, अंकांवर सह्या कराव्यात. पान मोठं करून चौकटीत घालून भेट देणार होते. धाकटी ट्रे हातात तसाच धरून उभी राहिली. चहा निवला.

"अंक राहू दे तुमच्याकडे रविवारपर्यंत," जाताना दातवाला म्हणाला. "भाषणाला उपयोगी पडेल. फक्त पान दुमडू नका हं."

त्या दिवसापासून घरात नुसता तमाशा. धाकटी आरशासमोर उभी राहून बोलायची. "रसिक वाचकहो!" म्हणायची आणि स्वतःच तोंडावर हात ठेवून हसायची. ठेवणीतल्या बुटांना पॉलिश झालं. भिंगबाई दुसऱ्या खोलीतून ऐकत. चूक करायची आणि पस्तीस वर्षांनी तिच्यावर हार घालून घ्यायचे! निदान कशी झाली चूक, हे तरी या मूर्खांना नीट सांगावं, म्हणून शुक्रवारी दुपारी धाकटी डुलकी घेत असताना भिंगबाईंनी ड्रॉवरमधून जुनं भिंग काढलं, अंक खिडकीपाशी नेला आणि आयुष्यात पहिल्यांदा खटक्याकडे बघायला बसल्या.

अर्थात आधी कडाच बघितल्या. स्वस्त छपाईत चिकटपट्टीची कड कधीकधी केसासारखी उमटते. साध्या डोळ्यांना दिसत नाही. खटक्याच्या पहिल्या आकृतीच्या कोपऱ्यावर अशी एक रेघ होती. तिरकी, स्वच्छ, कात्रीने कापलेली.

त्यांनी दुसरी पाहिली. तिरकी. तिसरी, चौथी. सातही. चारही कोपऱ्यांवर सारख्या. दाताने तोडलेली कड एकही नव्हती. त्याच पानांवर नायकाच्या आकृती होत्या, त्यांच्या कडा मात्र उंदराने कुरतडल्यासारख्या. म्हणजे धाकटीने नायक लावला होता आणि खटक्या त्यांनी स्वतः.

भिंगबाईंनी भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं. कात्री कुणीही वापरू शकतं, असं एकदा मनात आलं. पण मग दुसरी गोष्ट आठवली आणि ती भिंगापेक्षा स्वच्छ होती. खटक्याच्या त्या फिल्म नकला होत्या. फिल्मवर फिल्म ठेवून नक्कल काढली की मंद बाजू पालटते. नकलेला नियम उलटा. हे त्यांना माहीत होतं, नव्या लोकांना त्यांनीच शिकवलं होतं. आणि तरी हाताने सवयीने सुई फिरवली, मंद बाजू शोधली, खाली घातली. सात वेळा. दिवा कुठल्या बाजूला हवा हे एकदा चित्राकडे पाहिलं असतं तरी कळलं असतं. पण चित्र बघणं हे रिकामटेकड्यांचं काम होतं ना! धाकटीच्या हातून ही चूक होणंच शक्य नव्हतं. ती सुई वापरत नसे. ती त्या डब्याकडे बघायची आणि बिचारा म्हणायची.

एवढी वर्षं भिंगबाईंनी पुष्कळांना मनातून मूर्ख ठरवलं होतं. त्या रांगेत सर्वांत पुढे कोण उभं होतं ते आता दिसलं. गळ्यात भिंग घातलेलं माकड.

संध्याकाळी धाकटी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. अंगठा चालत नसल्यामुळे ती सुरी मुठीत धरून सोलायची, निम्मा बटाटा सालीबरोबर जायचा. भिंगबाई समोर बसल्या. त्यांना घुमवून बोलणं येत नसे.

"धाकटे, त्या फिल्म मी लावल्या होत्या."

"कुठल्या?"

"खटक्याच्या. सातही. तू नाही, मी."

धाकटीने सुरी खाली ठेवली. साली एका बाजूला लोटल्या. मग म्हणाली, "अस्सं."

"भिंगातून बघ. कडा तिरक्या आहेत. तू कधी कात्री..."

"मला नाही बघायचं भिंगातून."

"अगं पण पुरावा आहे!"

"ताई, एक विचारू?" आवाज चढला नव्हता, म्हणूनच भिंगबाईंना तो ओळखू येईना. "शिव्या होत्या तोवर चूक माझी होती. मालक ओरडले, माझी. बाइंडिंगला गेले, माझी. दूध उतू गेलं तरी तीच चूक, माझीच. आणि आता चार लोक टाळ्या वाजवणार म्हटल्यावर ती तुमची झाली?"

"मला टाळ्या नकोत! त्या गाढवांच्या टाळ्या घेऊन मी काय करू?"

"मग कशाला सांगताय? रविवारच्या आधी दोन दिवस?"

"आज दिसलं म्हणून आज सांगतेय."

"पस्तीस वर्षं भिंग तुमच्याच ड्रॉवरमध्ये होतं ना?"

धाकटीने पुन्हा सुरी मुठीत धरली. "घरात तुम्ही म्हणाल ते मी ऐकत आलेय, ताई. हे नाही ऐकणार. ही चूक मी फुकट नाही घेतलेली. ती माझी आहे."

शनिवारी दिवसभर भिंगबाई गॅलरीत बसून विचार करत राहिल्या. मेळाव्यात उठून खरं सांगावं, तर धाकटीच्या हातातली चौकट हिसकावून घेतल्यासारखं होईल. न सांगावं, तर जन्मभर बोट दाखवून ठेवलेला डाग तिच्याच नावावर राहील, नुसता आता सोनेरी कागदात गुंडाळलेला. खरं बोलायलाही वेळ असते. ती टळली की खरंसुद्धा चोरीसारखं दिसतं.

रविवारी सभागृहात साठेक माणसं होती. एकजण खटक्याचा वेष करून आला होता, पुठ्ठ्याला चंदेरी रंग देऊन. त्याला खुर्चीवर बसता येईना म्हणून तो तीन तास उभा होता. दिवा अर्थात उजवीकडे. भिंगबाई तिसऱ्या रांगेत बसल्या. आपल्याला इतक्या मूर्खांमध्ये बसायची पाळी आली याचं त्यांना नवल वाटलं, आणि लगेच आठवलं की या सगळ्यांना जमवणारी चूक कुणाची.

धाकटी बोलायला उभी राहिली. 'रसिक वाचकहो' वगैरे ती साफ विसरली. म्हणाली, "मला तो खटक्या आवडायचा. सगळे त्याला डबा म्हणायचे. बोलावलं तर यायचा, काम करून जायचा, कुणी थांब म्हणायचं नाही. दिवा इकडे होता की तिकडे, काय फरक पडतो? तुळई उचलली ना त्याने?"

लोकांनी बाकं बडवली. दातवाल्याने चष्मा काढून डोळे पुसले. मग त्याला भलतीच हुक्की आली. "शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या त्यांच्या जाऊबाईही आज इथे आल्या आहेत. त्यांनीही दोन शब्द बोलावेत!"

धाकटीने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. चौकट तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, अंगठा बाहेर लुळा.

भिंगबाई उभ्या राहिल्या. व्यासपीठावर गेल्या नाहीत. जागेवरूनच बोलल्या.

"या पानासाठी हिला टेबलावरून उठवलं. ते माझ्या शब्दावरून. मी मालकांना जे सांगितलं ते तपासून न बघता सांगितलं, आणि ते चुकीचं होतं. हिची काही चूक नव्हती. तेवीस वर्षं ही बाइंडिंगला उभी राहिली ती माझ्यामुळे." त्यांनी चौकटीकडे बोट केलं. "चित्राकडे आमच्यात हीच एकटी बघायची. तेव्हा तुमची ती चौकट योग्य माणसाकडे गेली आहे. बाकी तुमची मतं तुम्हाला लखलाभ. आरशातलं जग म्हणे!"

लोक हसले. त्यांना वाटलं म्हातारी विनोदी आहे. तिने सांगितलं त्यातलं त्यांनी काय घेतलं कुणास ठाऊक. बहुतेक काहीच नाही. त्यांना उजवा दिवा हवा होता, तो त्यांच्याकडे होता.

धाकटी हसली नाही. ती बसून घेऊन टेबलावरचे कागद उगाच सारखे करत राहिली.

मग सह्यांची रांग लागली. जुने अंक ताठर, पानं आपोआप मिटायची. धाकटी डाव्या हाताने पान दाबायची तर अंक सरकायचा, उजव्या हातात पेन आणि तो अंगठा. पहिल्या तीन सह्या ओघळल्या. दातवाला धावला, पण तो पानाला हात लावायला मोजे शोधू लागला.

भिंगबाई उठल्या, खुर्ची ओढून टेबलाशी आणली आणि शेजारी बसल्या. चौथा अंक त्यांनी घेतला, त्या चार पानांवर उघडला आणि दोन्ही तळव्यांनी सपाट दाबला. धाकटीने वर न बघता सही केली. पाचवा. सहावा.

पुठ्ठ्यातला खटक्या आपला अंक घेऊन वाकता येईल तितका वाकला. "आजी, तुम्हीही करा ना सही."

"मी कशाला? मी पान धरायला बसलेय."

"ताई," धाकटी पेन झटकत म्हणाली, "बोलू नका. पान हलतंय."

भिंगबाईंनी हात घट्ट केले. रांगेत अजून चाळीस माणसं होती.